पट्टी, वर्गणी आणि मूठ

मराठी माणसाकडे पैसे मागायला सहसा कोणी येत नाही. लोक येतात ते वर्गणी काढायला, देणगी घ्यायला, पट्टी गोळा करायला, नाहीतर चॅरिटी शोची तिकिटे खपवायला. पैसे हा अमंगळ शब्द कोणी उच्चारतच नाही. "काका, आपलं फूल ना फुलाची पाकळी," असे म्हणत मंडळी खुर्च्यांवर टेकतात. पाकळी पाचशे एक रुपयांची असते आणि ती पावतीवर आधीच लिहून आणलेली असते.

मी सांगलीत बँकेत कारकून आहे. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. बँकेत आहे म्हटल्यावर तिथली तिजोरी आपल्या घरातूनच उघडते, असा मंडळांचा प्रेमळ समज असतो. त्यामुळे माझ्याइतक्या पावत्या आमच्या गल्लीत कोणाच्याच नावावर फाटल्या नसतील. दिलेल्या पैशांचे व्याज मिळत नाही, तेव्हा निदान शब्दांचा तरी हिशेब ठेवावा, म्हणून बी. कॉम. असूनही मी या इतिहासात शिरलो.

या घराण्यातली सर्वांत वडीलधारी आणि खाष्ट बाई म्हणजे पट्टी. मराठेशाहीत सरकारी करांच्या शेपटाला ही पट्टी असायची आणि नगरपालिकेने घरपट्टी, पाणीपट्टीत ती अजून सांभाळली आहे. आमच्याकडे गावच्या जत्रेची पट्टी 'बसते'. क्रियापद पाहा. पाऊस पडतो, थंडी वाजते, पट्टी बसते. देणाऱ्याच्या इच्छेचा प्रश्नच कुठे येत नाही. घरटी अमुक रुपये म्हणजे अमुक रुपये, मग तुम्हाला कुस्त्या आवडोत की न आवडोत.

वर्गणी त्या मानाने शिकलेली. तिच्यात हिस्सेदारी आहे, सगळे सारखे असा भाव आहे. १८९३ नंतर गणपती सार्वजनिक झाला आणि वर्गणीही घरोघर पोचली. पण तिचेही क्रियापद तपासावे. दात काढतात, काटा काढतात आणि वर्गणीही काढतात. तिन्ही क्रिया झाल्यावर माणूस सुटकेचा श्वास टाकतो. हल्ली मुले पावतीपुस्तकाबरोबर क्यूआर कोडही आणतात. त्यामुळे "सुटे नाहीत रे" हे मध्यमवर्गाचे एकमेव चिलखतही गेले.

देणगीचा थाट निराळा. वर्गणी काढून घेतात. देणगी माणूस 'देतो' आणि देताना फोटोग्राफरकडे बघतो. शेजारच्या कन्नडातही 'देणिगे' आहे. भाषेवरून सीमाभागात कितीही वाद होवोत, झोळीच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे एकमत आहे. देणगीचे नाव संगमरवरावर कोरले जाते. वर्गणीदाराचे नाव फार तर खडूने फळ्यावर येते, तेही चुकीच्या आडनावाने.

पैसे नुसते मागण्यापेक्षा काहीतरी दाखवून मागावेत, ही युक्ती पुढची. तिची मुळे आमच्या सांगलीतच सापडतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केले ते संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये अप्पासाहेब गेले, आश्रय संपला आणि नाटक मंडळींसह तिकिटाच्या पैशांवर जगायला बाहेर पडले. करमणुकीसाठी खिशात हात घालण्याची सवय मराठी माणसाला अशी लागली. एकदा हात खिशात गेला, की तो सत्कार्याकडे वळवणे अवघड नव्हते.

त्याचा कळस १९२१ साली मुंबईत झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एका रंगमंचावर उभे राहिले. नाटक होते सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत मानापमान'. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. एका रात्रीत हजारो रुपये जमले. मला मात्र कौतुक वाटते ते नाटकाच्या नावाचे. त्यानंतर जेवढे म्हणून मदतीचे कार्यक्रम झाले, त्या सगळ्यांना हेच नाव शोभेल. व्यासपीठावर कोण बसले, शाल कोणाला आणि नुसताच नारळ कोणाला, पत्रिकेत कोणाचे नाव खाली गेले, हा सगळा संयुक्त मानापमानच!

आमच्या सातारकडे याच सुमारास लोक जमायचे ते जलशाला. जलसा म्हणजे मुळात नुसते बसणे. शब्द अरबीतून आला आणि सत्यशोधकांच्या डफाबरोबर गावोगाव फिरला. लोक जमिनीवर बसत आणि पोरांना शाळेत घाला, एवढे ऐकून उठत. याच सत्यशोधकी वातावरणात १९१९ साली कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात वसतिगृह आले. मुले आली, म्हणजे भूक आली.

तिच्यासाठी निघाला मुष्टिफंड. अर्धा शब्द संस्कृत, अर्धा इंग्रजी आणि आतले धान्य मराठी. दळण करताना बाईने एक मूठ ज्वारी-बाजरी बाजूला ठेवायची आणि मुले येऊन ती गोळा करून नेत. ही मूठ कोणी बसवत नव्हते, कोणी काढत नव्हते. ज्या मापाने पोरांना वाढायचे त्याच हाताचे हे माप. शिवाय पाटलिणीची मूठ काही कुणब्याच्या बायकोपेक्षा मोठी नसते. खुरपे धरून धरून दुसरीचीच थोडी रुंद असेल. तरीही एकदा वसतिगृहातले धान्य संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. याला पट्टी म्हणावे, वर्गणी की देणगी? माझ्या यादीत शब्द नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली, तेव्हाही गावोगावहून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आल्या. भाकरीवर थापणाऱ्या बोटांचे ठसे होते, नाव नव्हते.

माझी आजी लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीमागच्या मडक्यात मूठ टाकायची, असे वडील सांगत. ते स्वतः रयतेच्या वसतिगृहात राहून शिकले, म्हणून मी आज बँकेच्या खुर्चीवर बसून लोकांचे पैसे मोजतो. संस्थेच्या शाखा आता सातशेच्या वर गेल्या आहेत. कुठल्याही शाखेच्या फलकावर आजीचे नाव नाही, कारण ज्वारीची पावती नसते. बँकेत आमचा साधा नियम आहे: जमा रक्कम कोणाची ते कळले नाही, तर ती अनामत खात्यात टाकायची आणि धनी येईपर्यंत सांभाळायची. या जिल्ह्यांतली दोन-तीन पिढ्यांची अक्षरओळख अशीच अनामत खात्यात पडून आहे. धनीण काही मागायला येणार नाही. पण आहे दुसऱ्याचे, एवढे खातेदारांनी लक्षात ठेवावे.