राघूचा पिंजरा आणि उडायची जागा

आज आपल्या घरातल्या एका जुन्या रहिवाशाची गोष्ट सांगणार आहे. कुणी त्याला राघू म्हणतं, कुणी मिठू, कुणी पोपट. ओसरीला टांगलेला त्याचा पिंजरा तुमच्यापैकी कितीतरी जणींनी लहानपणी पाहिला असेल. आमच्याही माहेरी होता. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी हा पक्षी पिंजऱ्यात आला कसा, ते बघू.

पोपट पाळायची रीत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजवाड्यातल्या पोपट-मैनांचा उल्लेख आहे. सापाच्या विषाची चाहूल लागली की हे पक्षी ओरडतात, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणजे पोपट हा पहारेकरीच. पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही चौसष्ट कलांपैकी एक कला मानली जाई. ‘शुकसप्तती’ नावाच्या संस्कृत कथासंग्रहात तर पोपटच गोष्टी सांगतो. घरधनी परगावी गेलेला असतो. त्याच्या बायकोने रात्री घराबाहेर पाऊल टाकू नये म्हणून पोपट तिला रोज एक गोष्ट सांगून थांबवून ठेवतो, अशा सत्तर रात्री. आता त्या घरात पिंजऱ्यात कोण होतं, पोपट की ती बाई, हे तुम्हीच ठरवा.

आपल्या ज्ञानोबांनीही पोपटाकडे बारकाईने पाहिलं होतं. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये लिहिलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त आहे. पारधी एक पोकळ नळी दोरीत ओवून टांगायचा. पोपट तिच्यावर बसला की त्याच्याच भाराने नळी फिरायची आणि तो खाली डोकं, वर पाय असा लोंबकळायचा. घाबरून तो नळी आणखी घट्ट धरायचा. पाय सोडले असते तर उडून गेला असता. पण आपण बांधले गेलो, असंच त्याला वाटायचं. माऊलींनी हे माणसाच्या मनासाठी सांगितलं. पण पोपट कसे धरत, तेही त्यातून आपल्याला आज कळतं.

नंतर नळीचीही गरज उरली नाही. पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. थंडी सरता सरता, उन्हाळ्याच्या तोंडाशी ढोलीत पिल्लं असतात. ढोलीत हात घालून पिल्लं काढायची आणि बाजारात विकायची, हा धंदा सुरू झाला. पक्षी उडून जाऊ नये म्हणून पंखांची पिसं कातरायची. रस्त्याकडेला चिठ्ठी काढून भविष्य सांगणारा पोपट पळून का जात नाही, याचं कोडं लहानपणी मला पडायचं. उत्तर त्याच्या पंखात होतं. साधा पोपट शेपटीसकट सुमारे 16 इंच लांब भरतो. पंख पसरले तर त्याहून थोडी जास्त जागा लागते. आणि आपला ओसरीवरचा पिंजरा केवढा? हात-दीड हात. त्यात उडणं राहू द्या, नीट पंखही उघडत नाहीत.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढे 1990-91 च्या सुमारास आपल्या देशातल्या रानपक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. त्यामुळे आपला हिरवा पोपट धरणं, विकणं आणि घरात पाळणं हा आज गुन्हा आहे. लाड केले, दूध-भात भरवला, म्हणून तो गुन्हा मिटत नाही.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. भोसल्यांच्या महाराजबागेत 1894 साली प्राणिसंग्रहालय सुरू झालं. तिथे माणसांनी पशुपक्षी बघावेत म्हणून ते ठेवलेले असतात. त्यानंतर एकशे एकवीस वर्षांनी, 2015 साली, याच शहरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर उभं राहिलं. जखमी आणि सोडवून आणलेल्या वन्यजीवांवर तिथे उपचार होतात. धाडीत सापडलेले, पंख कातरलेले पोपटही तिथे येतात. इथली जाळी बघण्यासाठी नाही, परत पाठवण्यासाठी आहे. एकाच शहरात जाळीचा अर्थ असा बदलला.

पण परत पाठवायला वेळ का लागतो? कातरलेलं पीस पुन्हा वाढत नाही. ते गळून पडतं तेव्हाच त्याजागी नवं येतं, आणि ही पिसं साधारण वर्षातून एकदा बदलतात. तोवर पक्ष्याला लांबलचक, मोकळं जाळीघर लागतं. छातीचे स्नायू उडूनच बळकट होतात. म्हणून असं घर उंचीपेक्षा लांबीला जास्त असावं लागतं. पक्षी आडवा उडतो, विहिरीतून वर येतो तसा नाही.

परदेशी लव्हबर्ड्स किंवा बजरीगार ज्यांच्याकडे आहेत, त्यांनाही हेच लागू. बजरीगार मूळचे ऑस्ट्रेलियाचे. 1840 साली जॉन गूल्ड यांनी ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर पाळले जाऊ लागले. असे पक्षी अंगणात ठेवायचे तर इतकं सांभाळा. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, म्हणजे साप-उंदीर सहसा शिरत नाहीत. ती जमिनीत दीड फूट गाडा, नाहीतर मुंगूस आणि घुशी खालून पोखरतात. दारं दोन ठेवा, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. नव्या जाळीवरचा जस्ताचा थर चोचीत गेला तर विषबाधा होते. म्हणून व्हिनेगर लावून, घासून, धुऊन मगच वापरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. अर्धं छप्पर गवताने शाकारा, पश्चिमेला वाळ्याचा ताट्या लावा. बसायला कडुनिंबाच्या, पेरूच्या जाड-बारीक फांद्या लावा. पाण्याचं भांडं फांदीखाली ठेवू नका, घाण पडते. मकाव, आफ्रिकन ग्रे असे मोठे परदेशी पोपट असतील तर वनविभागाकडे त्यांची नोंद करावी लागते.

आता माझ्या माहेरचा पिंजरा. आत्याने मिठूला नऊ वर्षं सांभाळलं होतं. एका संक्रांतीला आम्ही बहिणींनी ठरवलं, आज याला मोकळं करायचं, पुण्य लागेल. पिंजऱ्याचं दार उघडलं. मिठू बाहेर आला, कुंपणापर्यंत फडफडत गेला आणि खाली पडला. मांजर आमच्या आधी पोचलं. आत्या तेव्हा काही बोलली नाही. रिकामा पिंजरा मात्र तिने पुढे कितीतरी वर्षं कुणाला काढू दिला नाही.

आम्हाला वाटलं होतं, दार उघडलं की सुटका झाली. पण ज्याचे पंख आपण घेतले, त्याला आधी पंख परत द्यावे लागतात. म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या किंवा शेजारच्या घरी पिंजऱ्यात पोपट असेल तर त्याला एकदम सोडू नका आणि लपवूही नका. वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा किंवा जवळच्या वन कार्यालयात जा. एकटीला भीती वाटली तर गटातल्या चौघी मिळून जा. आणि ढोलीतलं पिल्लू विकायला कुणी आलं, तर घेऊ नका. घेणारं कुणी नसेल तर ढोलीत हात घालणारही कुणी उरणार नाही.

पराटीवरून, तुरीवरून संध्याकाळी पोपटांचा थवा ओरडत जातो, तो बघा. राघूचं बोलणं ऐकायचं तर तेच ऐकावं. येते मी. नमस्कार.