दर्याचा अमल

दोन वर्षांपूर्वी, जून महिन्यात शाळा नुकतीच सुरू झाली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मधल्या सुट्टीत आली. बुरख्याच्या आतून तिने एक प्लास्टिकची बाटली काढली आणि म्हणाली, "आपा, इसपे क्या लिखा है, जरा पढके बोलो." बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर उर्दूत लिहिले होते, 'हिज्बुल बहर का पानी. सुबह शाम छिड़कें.'

मुलीला फिट येत होत्या. बाहेरगावच्या एका आमिलने त्या माउलीला सांगितले होते की, मुलीवर पाण्यातल्या जिन्नाचा असर आहे आणि समुद्राचा जिन्न समुद्राच्याच पाण्याने जातो. म्हणून मुंबईहून आणलेल्या समुद्राच्या पाण्यावर हिज्बुल बहर चाळीस वेळा पढून दम केलेली ही बाटली. हदिया अकराशे रुपये. तिचा नवरा हमाली करतो. मी थोडे पाणी बोटावर घेऊन चाखले. खारट होते. मीठ आमच्या झरीतल्या किराणा दुकानातही मिळते.

मी तिला काय सांगितले ते पुढे येईलच. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मला झोप लागली नाही. कारण 'हिज्बुल बहर' हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझे दादा अब्बा १९७५ साली जहाजाने हजला गेले, तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या कापडी बटव्यात या दुआचे छोटे पुस्तक होते. तो बटवा आजही आमच्या घरी आहे. ज्या शब्दांच्या आधाराने माझा म्हातारा दर्या पार करून आला, तेच शब्द बाटलीत भरून एका गरीब बाईला कसे विकले गेले? हा प्रश्न मला इतिहासात घेऊन गेला.

आधी शब्दांचीच एक गंमत. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी आणि मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. माझ्या वर्गातली मुले दोन्ही भाषा शिकतात आणि हमखास घोटाळा करतात. मी त्यांना दोष देत नाही. परभणी तालुक्यातल्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. आमच्या भागाचे पाणी दुधनेतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत आणि तिथून पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते. आमचे हाजी मात्र पश्चिमेच्या दर्याने गेले. तरीही आमच्या बायाबापड्यांच्या दुआंत, नवसांत आणि भीतीत समुद्र पुरेपूर भरलेला आहे. तो आला कुठून?

हिज्ब म्हणजे वाटा, रोज पढण्याचा नेमलेला भाग. बहर म्हणजे समुद्र. ही दुआ शेख अबुल हसन शाज़िली यांची. ते उत्तर आफ्रिकेतले मोठे सूफी. १२५८ साली हजला जाताना इजिप्तच्या वाळवंटात हुमैसरा येथे त्यांचा इंतकाल झाला. परंपरा सांगते की, प्रवासात वारा उलटा फिरून जहाज अडकले असताना ही दुआ त्यांना स्वप्नात मिळाली. तिचा आशय साधा आहे: हजरत मूसांसाठी समुद्र, हजरत इब्राहीमांसाठी आग, हजरत दाऊदांसाठी लोखंड जसे तू ताब्यात दिलेस, तसा हा समुद्र आमच्यासाठी नरम कर. मागणारा स्वतः जहाजात बसलेला आहे, भ्यालेला आहे आणि मागतो आहे अल्लाहकडे. दुकान मांडून बसलेला तिसरा माणूस यात कुठेही नाही.

इब्न बतूताने ही दुआ आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. हा प्रवासी आपल्या दौलताबादला येऊन गेला, हे मराठवाड्याच्या वाचकांना ठाऊक असेल. सुलतान मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनच्या बादशहासाठी नजराणे घेऊन तो निघाला होता. दौलताबाद, नंदुरबार, खंबायत करत तो १३४२ च्या सुमारास कालिकतला पोहोचला. तिथे त्याने शेख शिहाबुद्दीन काज़रूनी यांची खानकाह पाहिली. तिच्याविषयी त्याने जे लिहिले आहे, ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान वाटते.

इराणात शिराज़जवळ काज़रून गाव आहे. तिथले शेख अबू इसहाक यांचा इंतकाल १०३३ साली झाला. हिंदुस्थान आणि चीनच्या समुद्रात फिरणारे व्यापारी त्यांच्या नावाने नवस करत. वारा उलटला, चाच्यांची भीती वाटली की जहाजावरचा प्रत्येक जण आपण किती रक्कम देणार ते लिहून ठेवी. जहाज सुखरूप बंदराला लागले की खानकाहचे लोक येत, यादी पाहत आणि ज्याने जे कबूल केले ते घेऊन जात. माणूस बुडाला तर देणे नाही, पोहोचला तर देणे. आणि त्या पैशांचे काय होई? काज़रूनच्या खानकाहत येणाऱ्या प्रत्येक मुसाफिराला हरीसा खाऊ घालत, तीन दिवस झाल्याशिवाय जाऊ देत नसत. म्हणजे वाचलेल्या प्रवाशाच्या पैशांतून दुसऱ्या प्रवाशाचे पोट भरे. आमच्या बाटलीवाल्याने मात्र अकराशे रुपये आधीच मोजून घेतले होते.

याच कालिकतच्या किनाऱ्यावर इब्न बतूतावर काय प्रसंग आला पाहा. जुमाची नमाज़ पढण्यासाठी तो किनाऱ्यावर थांबला आणि रात्री वादळ आले. बादशहाचे नजराणे घेतलेले जहाज फुटले, सोबती बुडाले. दुआ त्याला पाठ होती. नवसाची खानकाह त्याच गावात होती. तरी जहाज फुटले. त्याने यासाठी दुआला दोष दिला नाही, की कुणा जिन्नाचे नाव घेतले नाही. समुद्रावर वावरणाऱ्या माणसाला दुआची हद्द कळत असे. ती आम्हा कोरड्या मुलखातल्या लोकांना कळेनाशी झाली की काय?

आता आपल्या कोकणाकडे येऊ. माहीमचे मखदूम फकीह अली (१३७२ ते १४३१) हे नवायत घराण्यातले. कुरआनवर अरबीत तफसीर लिहिणारा हा आपल्या किनाऱ्याचा आलिम. पण लोकांच्या तोंडी त्यांची तफसीर नाही, गोष्ट आहे. शिक्षणासाठी परदेशी जावे की म्हाताऱ्या आईजवळ राहावे, या पेचात ते होते. तेव्हा माहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांना ख्वाजा खिज़्र भेटले आणि रोज तिथेच शिकवू लागले, असे सांगतात. पाण्याचे मालक, वाट चुकलेल्यांचे वाटाड्ये अशी खिज़्र यांची ख्याती. सूरे कहफमध्ये दोन समुद्रांच्या संगमावर हजरत मूसांना भेटणारे जे बुजुर्ग आहेत, ते हेच असे हदीसवरून मानले जाते. माझ्या मते माहीमच्या गोष्टीत जादू असेल तर ती इतकीच की, आईला एकटे न टाकता मुलाला इल्म मिळाले. माहीमच्या उरुसात आजही पहिली चादर मुंबई पोलिसांची असते आणि कोळी बांधवांची तिथे श्रद्धा आहे.

खिज़्र यांची होडी तर थेट आमच्या नद्यांपर्यंत आली. जाफर शरीफ या दख्खनी माणसाने आपल्या लोकांच्या चालीरीती लिहिल्या आणि हर्कलॉट्स या डॉक्टरने १८३२ साली त्या 'कानून-ए-इस्लाम' नावाने इंग्रजीत छापल्या. ताईत, पलीते, जिन्न उतरवणे यांवर त्यात पानेच्या पाने आहेत. ख्वाजा खिज़्रच्या नावाने दिवे लावलेली होडी पाण्यात सोडण्याची चालही आहे. बंगालात मुर्शिदाबादला भागीरथीवर भाद्रपदातल्या शेवटच्या गुरुवारी हाच 'बेरा' मोठ्या थाटाने निघतो. त्या शहराला नाव देणारा मुर्शिद कुली खान मूळचा दख्खनचा, जन्माने ब्राह्मण, असे यदुनाथ सरकारांसारखे इतिहासकार मानतात. आमच्या दादी सांगत, त्यांच्या लहानपणी बायका केळीच्या सोपटावर कणकेचे दिवे ठेवून नदीत सोडत. कुणाचा मुलगा फौजेत, कुणाचा भाऊ मुंबईच्या गोदीत. दिवा वळणापर्यंत विझला नाही की दादी खूश. आज आमच्याकडे कुणी याला बिदअत म्हणते, कुणी बुजुर्गांची याद म्हणते. त्या वादात मी पडत नाही. कणीक सोडून त्यात कुणाचे काही जात नव्हते, एवढे मात्र खरे.

दख्खनच्या लोकांना समुद्राची भीती किती होती, याची साक्ष दाभोळला उभी आहे. खाडीच्या काठावरची ती सुंदर मशीद १६५९-६० च्या सुमाराची. विजापूरची शहज़ादी आयशाबीबी हजसाठी दाभोळपर्यंत आली, पण चाच्यांच्या भीतीने तिला जहाज घेता आले नाही. तेव्हा काज़ी-मौलवींच्या सल्ल्याने प्रवासाचा पैसा तिने मशिदीवर खर्च केला, अशी कथा आहे. तिच्या आधी पोर्तुगीजांनी तर समुद्रावर कागदाचाच अमल बसवला होता. त्यांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', नसेल तर जहाज लुटत. त्या परवान्यावर हजरत मरियम आणि हजरत ईसा यांच्या तसबिरी असत. म्हणून अशा कागदाच्या आधाराने हजला जाणे लाज़िम नाही, असा फतवा अकबराच्या काळात मौलाना अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी दिल्याचे बदायूनी लिहितो. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ साली सुरतेहून निघाली खरी, पण परवान्यासाठी राजघराण्यातल्या त्या बायांना वर्षभर खोळंबावे लागले. त्या काळी खरा ताईत कुणाचा चालत होता, ते यावरून समजावे.

मग समुद्रावरचे जुने लोक कशावर भरवसा ठेवत? अरब नाखुदा इब्न माजिद याने १४९० च्या सुमारास जहाजरानीवर मोठा ग्रंथ लिहिला. (वास्को द गामाला यानेच वाट दाखवली, ही गोष्ट अनेकांनी शाळेत ऐकली असेल. इतिहासकार आता ती मानत नाहीत.) ग्रंथात अल्लाहचे नाव आहे, दुआ आहे आणि त्यासोबत तारे, खोली, किनाऱ्याच्या खुणा, कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावे याचा हिशेब आहे. पावसाळ्यात हिंदुस्थानचा पश्चिम किनारा सुमारे तीन महिने 'बंद' असतो, हे त्या हिशेबातले मोठे कलम. आमचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि मगच होड्या लोटतात, हाही तोच हिशेब. कुणी त्याला पूजा म्हणेल, कुणी टोटका. पण त्यात वाऱ्याचे शेकडो वर्षांचे ज्ञान आहे. महाराष्ट्र सरकार १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी घालते, ती याच दिवसांत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. तो आषाढ अमावास्येचा दिवस होता. बरेच जण सणासाठी घरी निघाले होते. अमावास्येने बोट बुडवली असे अजून ऐकू येते. ऐन पावसाळ्यातला वारा आणि लाटा यांचे नाव मात्र कुणी घेत नाही.

दादा अब्बांकडे वळते. झरीहून परभणी, परभणीहून रेल्वेने मुंबई, मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग मोगल लाइनचे जहाज. (हजची ही समुद्रवाट १९९५ साली बंद झाली.) त्यांनी त्याआधी कधी गुडघाभर पाण्यापलीकडे पाणी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी जहाज डोलू लागले, तसे ते डेकवर उभे राहून, डोळे मिटून, दोन्ही हात उचलून हिज्बुल बहर पढू लागले. रत्नागिरीकडचा एक खलाशी धावत आला आणि त्यांचा एक हात धरून कठड्यावर ठेवत म्हणाला, "पढो बाबा, मगर रेलिंग पकडके पढो." ही गोष्ट दादा अब्बा शेवटपर्यंत हसून सांगत.

हे सारे त्या मुलीच्या आईला सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिला एवढेच म्हटले, "पानी रखो घर में, मगर कल मेरे साथ परभनी चलो." तिने विचारले, "आपा, दवा देंगे तो जिन्न नाराज तो नहीं होगा?" मी शिकलेली बाई, बी.एड. झालेली. क्षणभर मला उत्तर सुचले नाही. मग मी तिला दादा अब्बांचा बटवा दाखवला. त्यात हिज्बुल बहरचे पुस्तक आहे आणि त्याच्याच घडीत देवी व कॉलऱ्याची लस टोचल्याचा दाखला आहे. त्या दाखल्याशिवाय हाजींना जहाजावर चढू देत नसत. ती बराच वेळ शिक्क्याकडे पाहत राहिली.

मुलीच्या गोळ्या चालू आहेत. पहिल्या वर्षी दोनदा फिट आली, नंतर आली नाही. ती आता नववीत आहे. आमिलविरुद्ध तक्रार द्यायला तिचे वडील तयार झाले नाहीत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, हे मी त्यांना सांगितले. हा कायदा फक्त हिंदूंच्या बाबांसाठी आहे असे आपल्याकडे काहींना वाटते, म्हणून हेही सांगितले की, त्याचा अध्यादेश निघाल्यावर पहिला गुन्हा सप्टेंबर २०१३ मध्ये शेजारच्या नांदेडातच नोंदला गेला, चमत्कारी इलाज विकल्याबद्दल, आणि त्यातले आरोपी मुसलमान होते. ते म्हणाले, "जाने दो आपा, अल्लाह देखेगा." अकराशे रुपये परत आले नाहीत.

मागच्या ईदला मी त्यांच्या घरी शीरखुर्मा घ्यायला गेले. बाटली अजून ताकावर आहे. पाणी थोडे आटले आहे आणि आतल्या बाजूने मिठाची पांढरी रेघ उमटली आहे. तिच्या शेजारी गोळ्यांची पाकिटे आहेत. त्या माउलीने दोन्ही एकाच रुमालाखाली झाकून ठेवली आहेत.