शेंद्रा ते अल्बर्ट हॉल, व्हाया प्राग

शेंद्रा एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट सुटली आहे. कंपनीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीची सीट पकडली आहे, कानात हेडफोन. इथे २००१ पासून श्कोडाच्या गाड्या तयार होतात, त्यामुळे चेक देशाशी आपली ओळख बोनेटवरच्या पंखवाल्या बाणापुरती. तुम्ही प्ले दाबता. वाद्यांच्या आधी ऐकू येतो तो आरडाओरडा.

आवाजाच्या मागे जा. लंडन, बुधवार, २१ ऑगस्ट १९६८. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तुम्ही उभ्या प्रेक्षकांच्या गर्दीत आहात. काल रात्री सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोवाकियात घुसले. आणि आज मंचावर कोण, तर सोव्हिएत संघाचा स्टेट सिम्फनी ऑर्केस्ट्रा! आधीच ठरलेला कार्यक्रम. वाजवायचा आहे चेक संगीतकार द्वोर्झाकचा चेलो कन्चेर्टो. लोक निषेधाच्या घोषणा देताहेत. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. पण मंचावरच्या वादकांना विचारून कुणी रणगाडे पाठवले नव्हते, हेही खरंच.

संचालक स्वेतलानोव्ह हात उचलतो. आता वाद्यवृंदाकडे नको, गुडघ्यांत चेलो धरून बसलेल्या माणसाकडे बघा. या कन्चेर्टोत चेलोवादकाला सुरुवातीची तीन-साडेतीन मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं. रोस्त्रोपोविचला आज ती किती लांब वाटत असतील! १९५० मध्ये प्रागची चेलो स्पर्धा त्याने जिंकली. १९५२ मध्ये हाच कन्चेर्टो त्याने प्रागमध्येच, तालिखच्या संचालनाखाली रेकॉर्ड केला. १९५५ मध्ये गायिका गालिना विश्नेव्स्कायाशी त्याचं जमलं तेही प्रागमध्येच. त्या शहरात आज त्याच्याच देशाचं सैन्य आहे.

मग गज तारेवर पडतो, आणि नुसता पडत नाही, रुततो. जाड तारांवरचा तो खरखरीत, छातीतून आल्यासारखा स्वर तुमच्या पायाखालच्या फळ्यांपर्यंत पोचतो. ओरडणारे गप्प झालेत.

शेवटाकडे आल्यावर कान टवकारा. द्वोर्झाकने हा कन्चेर्टो न्यूयॉर्कमध्ये लिहिला, पण १८९५ मध्ये मेव्हणी जोसेफिना गेली आणि मायदेशी परतलेल्या द्वोर्झाकने शेवट बदलला. तरुणपणी त्याचं तिच्यावर प्रेम होतं. तिच्या आवडत्या गाण्याची चाल त्याने तिथे पुन्हा आणली. धावत सुटलेलं संगीत अचानक मंदावतं, मागे वळून बघतं. रोस्त्रोपोविच रडत वाजवत होता, असं हजर असलेले सांगत. टाळ्यांच्या गजरात तो उठतो आणि द्वोर्झाकची स्वरलिपी डोक्यावर उंच धरतो. भाषण नाही, खुलासा नाही. मॉस्कोला परत जायचं असलेल्या माणसाने यापेक्षा जास्त काय बोलायचं?

पुढच्याच महिन्यात बर्लिनमध्ये संचालक कारायानबरोबर त्याने हाच कन्चेर्टो रेकॉर्ड केला. ती तबकडी देखणी आहे, जगभर खपली, एक स्वर इकडचा तिकडे नाही. मला विचाराल तर मी ही लंडनचीच ऐकेन, खोकल्यांसकट आणि घोषणांसकट.

बस कुठवर आली ते आता बघू नका. मध्यंतरानंतर शोस्ताकोविचची दहावी सिम्फनी आहे, स्टालिन मेला त्या वर्षाची. तीही ऐकूनच निघा.