जनरल सांतोस : एका नगराचा आरंभबिंदू

फिलिपाइन्सच्या मिंदनाओ बेटावरील जनरल सांतोस या नगराचा इतिहास सामान्यतः २७ फेब्रुवारी १९३९ पासून सांगितला जातो. त्या दिवशी जनरल पाउलिनो सांतोस यांच्या नेतृत्वाखाली ६२ वसाहतकरी सारंगानी उपसागराच्या किनाऱ्यावर उतरले. राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल केझॉन यांच्या भूवसाहत धोरणाचा हेतू दुहेरी होता : उत्तरेकडील भूमिहीनांस जमीन देणे आणि विरळ वस्तीच्या दक्षिणेवर शासनाचा अंमल दृढ करणे. १९४७ मध्ये 'बुआयान' नावाने स्थापन झालेल्या नगरपालिकेस १९५४ मध्ये सांतोस यांचे नाव देण्यात आले. १९६८ मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला. पुढे ट्यूना मासेमारीमुळे या कृषिवसाहतीचे मोठे बंदर झाले. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ६,९७,३१५ भरली.

परंतु ही भूमी निर्जन नव्हती. ब्लआन लोक येथे पूर्वापार राहत होते. काटेरी झाडावरून पडलेले 'दाडियांगास' हे जुने स्थलनाम त्यांचेच. नोंदणीपत्र नसलेली जमीन मात्र कायद्याने सरकारी मानली गेली, आणि वहिवाट कागदाअभावी निष्फळ ठरली. तेव्हा १९३९ हा वसाहतीचा आरंभ होय, स्थळाच्या इतिहासाचा नव्हे. हा भेद विसरल्यास नगरेतिहास हा केवळ विजेत्यांचा जमाखर्च उरतो.