दातांवरचे कीटण आणि एक अर्धवट रुजलेला पेशा

वसई तालुक्याच्या पश्चिम भागात, दत्तमंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या हिरा डोंगरीच्या परिसरात वसलेले गिरीज हे मूळचे वाड्यांचे गाव असून, केळी, भाजीपाला, फुले आणि पानवेल यांच्या लागवडीवर पोसलेल्या या पट्ट्यात सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी, समाजाची वस्ती मोठी आहे. दातांची निगा येथे, कोकणपट्टीत इतरत्र होती तशीच, घरातल्या घरात होत असे. बाभळीचे किंवा कडुनिंबाचे दातवण, चुलीतल्या राखेची राखुंडी आणि मीठ एवढे पुरेसे मानले जाई. अनेक घरांत मशेरीही लावली जाई, म्हणजे तंबाखू तव्यावर भाजून केलेली काळी पूड, जी दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांना चोळता चोळता व्यसन होऊन बसे. पानवेल पिकवणाऱ्या प्रदेशात विडाही अर्थातच जवळचा, आणि त्यातील कात-चुन्याचा डाग दातांवर बसतो. दातांवरील जंतूंच्या चिकट थरात लाळेतील क्षार साचून तो कडक झाला की त्याला कीटण म्हणतात. ते दातवणाने वा ब्रशने निघत नाही, अवजारानेच खरवडावे लागते, आणि घरगुती निगेची मर्यादा नेमकी येथे येते.

हे खरवडणे हाच ज्याचा मुख्य व्यवसाय, तो डेंटल हायजिनिस्ट. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या ब्रिजपोर्ट शहरात आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने 1906 मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करण्याचे शिक्षण दिले आणि 1913 मध्ये अशा स्त्रियांसाठी पहिला वर्ग काढला. या वर्गातून बाहेर पडलेल्या स्त्रिया शहरातील शाळांत जाऊन मुलांचे दात तपासू व साफ करू लागल्या. पेशाचा जन्म दवाखान्याच्या खुर्चीपेक्षा शाळेच्या वर्गाशी अधिक जोडलेला होता, ही बाब भारतातील पुढचा इतिहास समजून घेताना महत्त्वाची ठरते.

भारतात 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने या पदाला मान्यता दिली. दंतवैद्य वा डॉक्टर नसलेली, परंतु दात खरवडणारी, साफ करणारी, त्यांना चकाकी देणारी किंवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारी व्यक्ती अशी त्याची व्याख्या त्या कायद्यात केली गेली, आणि राज्य दंत परिषदेकडे तिची नोंदणी व्हावी अशी तरतूदही. याच कायद्याने पदवी नसलेल्या पण किमान पाच वर्षे हाच उदरनिर्वाह असलेल्या जुन्या दंतवैद्यांना नोंदपुस्तकाच्या दुसऱ्या भागात जागा देऊन त्यांची सोय लावली. हायजिनिस्टची व्याख्या मात्र कागदावर आली तरी तिच्यामागची शाळांची व्यवस्था आली नाही. पद बाहेरून घेतले गेले, पण त्याचे कामाचे ठिकाण घेतले गेले नाही, आणि या पेशाची आजची कुचंबणा त्यातूनच आली असे म्हणावे लागते.

त्यानंतर बाजाराने उरलीसुरली जागाही भरून काढली. मुंबईत 1933 पासून नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. 1980 नंतर खाजगी महाविद्यालये वाढत गेली आणि देशातील एकूण संख्या तीनशेच्या पुढे गेली. पदवीधर दंतवैद्य इतके झाले की अल्प पगारावरही ते मिळू लागले, आणि एका खुर्चीच्या दवाखान्यात कीटण काढण्याचे काम मालक-दंतवैद्य स्वतः किंवा त्याचा कनिष्ठ सहकारी करू लागला. वसईच्या बाजारपेठेतील दवाखानेही बहुधा याच घडणीचे आहेत.

शिक्षिका आणि परिचारिका हे मार्ग वसईच्या ख्रिस्ती घरांतील मुलींना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केल्यास हायजिनिस्टच्या पदविकेचे आकर्षण उघड आहे: बारावीनंतर दोन वर्षांत शिक्षण पुरे होते, रात्रपाळी क्वचितच असते, आणि पदवीच्या मानाने खर्च थोडा. उलट बाजूला, परिचारिकेला रुग्णालयांत जशी ठरलेली पदे असतात तशी या पेशात फार थोडी आहेत. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात हायजिनिस्टच्या पदाची तरतूद आहे, पण ते पद कंत्राटी असते. स्वतंत्र दवाखाना काढण्याचा मार्ग नाही, काम दंतवैद्याच्या देखरेखीखालीच चालते. तासन्‌तास वाकून मान, पाठ आणि मनगट दुखावणे हे या कामाचे जगभर नोंदलेले दुखणे आहे, आणि कंप पावणाऱ्या यंत्राने उडणाऱ्या तुषारांचा धोका 2020 च्या साथीत साऱ्यांच्याच लक्षात आला.

परदेशाचे गणित वेगळे आहे. अमेरिकेत 2023 मध्ये हायजिनिस्टचे मध्यक वार्षिक वेतन 87,530 डॉलर होते, म्हणजे जवळपास निम्म्या जणांना त्याहून अधिक मिळत होते. परंतु भारतातील पदविकेवर तेथे परवाना मिळत नाही. तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परीक्षा पार कराव्या लागतात, तेव्हा हा आकडा गिरीजमधून निघणाऱ्या मुलीच्या हिशेबात थेट धरता येत नाही. तिच्या हिशेबात येऊ शकणारी गोष्ट दुसरीच आहे: 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि त्यात मशेरीही येते. काम एवढे पडलेले आहे. फोन्सच्या विद्यार्थिनींना मिळाली तशी पगारी शाळा-फेरी मात्र येथे अद्याप कोणी सुरू केलेली दिसत नाही.