प्लास्टिक वेष्टनांची पुनर्खरेदी (महाराष्ट्र)

प्लास्टिक वेष्टनांची पुनर्खरेदी म्हणजे वस्तूचे रिकामे वेष्टन ग्राहकाकडून ठरावीक रक्कम देऊन परत घेण्याची व पुनर्चक्रणासाठी पाठविण्याची पद्धत होय. उत्पादक, वितरक, विक्रेता, ग्राहक आणि पुनर्चक्रण उद्योग हे तिचे घटक आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये तिला स्थगिती देण्यास नकार दिला. 23 जूनपासून दंडात्मक कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास 5,000 रुपये दंड ठरला.

स्वरूप

दुधाच्या पिशव्या व पेट बाटल्या यांना पुनर्खरेदीच्या अटीवर सूट मिळाली. दुधाची पिशवी किमान 50 मायक्रॉन जाडीची असावी आणि तिच्यावर किमान 50 पैसे पुनर्खरेदी मूल्य छापावे, असे ठरले. मोठ्या बाटलीस 1 रुपया, तर लहान बाटलीस 2 रुपये मूल्य ठेवण्यात आले. राज्यात दररोज सुमारे 1 कोटी दुधाच्या पिशव्यांचा 31 टन कचरा होतो, असे तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी 2019 मध्ये विधानसभेत सांगितले.

मोठ्या विक्रेत्यांची जबाबदारी

केंद्र शासनाच्या फेब्रुवारी 2022 मधील मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची व्याप्ती स्पष्ट केली. सूक्ष्म व लघु उद्योग वगळता सुपरमार्केट, किरकोळ विक्रीच्या साखळ्या आणि ऑनलाइन विक्रीमंच यांचा समावेश नाममुद्राधारकांत करण्यात आला. त्यामुळे वेष्टनांचे संकलन व पुनर्चक्रण ही केवळ कारखानदाराची बाब राहिली नाही.

मर्यादा

पुनर्खरेदीचे यश अखेरच्या दुकानावर अवलंबून असते. दुकानदाराने पिशवी स्वीकारली नाही, तर छापील मूल्य कागदावरच राहते. रिकाम्या पिशव्या धुऊन साठविण्यास जागा व श्रम लागतात. त्यांचा मोबदला वितरकाने न दिल्यास भार लहान दुकानदारावर पडतो. दूध पोहोचविणारी गाडी परतताना रिकामीच जाते. तिच्यातून पिशव्या नेल्यास वाहतुकीचा वेगळा खर्च वाचू शकतो.

राज्यागणिक नियम वेगळे असणे ही आणखी एक अडचण आहे. गोवा शासनाने 2024 मध्ये स्वतंत्र अनामत परतावा योजना अधिसूचित केली. बांदा व पत्रादेवी यांसारख्या सीमाभागात एका राज्यात घेतलेली बाटली दुसऱ्या राज्यात रिकामी होते. अशा ठिकाणी दोन्ही राज्यांतील विक्रेते व वितरक यांच्यात समन्वय आवश्यक ठरतो.