आधी कोणाचे घर?

सामायिक निधी सर्वांचा असतो. परंतु तो अपुरा पडू लागला म्हणजे आधी कोणाचे काम करावे, हा प्रश्न उभा राहतो. गोमंतकातील गांवकरी संस्थेने त्याचे उत्तर पूर्वीच ठरवून ठेवले होते. गावाच्या उत्पन्नातून प्रथम देवालयाचा व बांधबंदिस्तीचा खर्च भागवावयाचा आणि उरेल ते जोण म्हणून गांवकारांनी वाटून घ्यावयाचे. स्वतःच्या वाट्याआधी गावाचा बांध, हा क्रम आजही आदर्श वाटतो. मात्र तो ठरविण्याचा अधिकार गांवकारांपुरताच होता. गावात राबणाऱ्या इतरांस त्यात स्थान नव्हते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

शहरात हाच प्रश्न अधिक बिकट होतो. ग्वाल्हेरचे लष्कर हे मूळचे दौलतराव शिंद्यांच्या फौजेचे तळ. १८१० च्या सुमारास ती छावणी पडली आणि पुढे तंबूंच्या जागी वाडे उठले. छावणीत जागा मिळते ती दर्जाप्रमाणे. आज त्याच शहराच्या सिटी सेंटर भागात कचेऱ्या, दुकाने आणि टोलेजंग इमारती उभ्या आहेत. परंतु तेथे झाडलोट करणारा, राखण करणारा, घरकाम करणारी बाई यांनी राहावे कोठे, हा प्रश्न छावणीच्या काळाइतकाच ताजा आहे.

या क्रमाचा निराळा विचार होळकरांच्या इंदुरात झाला. प्लेगने त्रस्त झालेल्या त्या नगरीत दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास पाचारण केले. दाट वस्ती पाडून सरळ, रुंद रस्ते काढावे, असा त्या काळचा शिरस्ता होता. त्याने गरीब बेघर होतो आणि शेजारच्या आळीत गर्दी मात्र वाढते, असे गेडिस यांचे म्हणणे. पाडावे ते अगदी थोडे. दुरुस्ती, विहिरी, झाडे आणि मोकळी अंगणे यांवर आधी खर्च करावा, हा त्यांचा आग्रह.

१९१७ च्या दिवाळीत त्यांनी एक युक्ती योजिली. ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त होतील, त्याच रस्त्यांनी मिरवणूक जाईल, अशी दवंडी दिली. लोकांनी आपण होऊन कचरा काढला, भिंती रंगविल्या. मिरवणुकीत सफाई कामगार शुभ्र वेषात, फुलांचे हार घालून चालले आणि प्लेगच्या उंदराच्या प्रतिमेचे दहन झाले. १९१८ साली गेडिस यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

त्याच इंदुरात १९८० नंतरच्या दशकात बाळकृष्ण दोशी यांच्या आराखड्याप्रमाणे सुमारे साडेसहा हजार घरांची अरण्य वसाहत आखली गेली. मोठ्या भूखंडांच्या विक्रीतील नफा गरिबांच्या भूखंडांकडे वळविला. गरिबांस जोते, न्हाणी-शौचालय आणि नळ-गटाराची सोय दिली. वरचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे. १९९५ साली तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार लाभला.

कायदाही मागे राहिला नाही. मध्य प्रदेशाने १९८४ साली शहरांतील भूमिहीनांस राहत्या जागेचा पट्टा देणारा कायदा केला. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. ग्वाल्हेर त्यांतलेच एक. परंतु प्रभागातील माणसे एकत्र बसून आधी छप्पर, आधी पाणी की आधी कारंजे, असे विचारीत नाहीत, तोवर कायद्यातील समिती कागदावरच राहते.

आपल्या देवस्थानांच्या सभांत पै-पैचा हिशेब वाचला जातो व त्यावर चर्चा होते. तीच सवय आपण प्रभागाच्या निधीस लावावी, आणि गांवकरीत जे राहून गेले ते येथे करावे: ज्याला घर नाही, त्यालाही त्या सभेत बसवावे. पुढील उत्सवात पालखीचा मार्ग ठरविताना, ज्या आळीत नळ व गटार पोहोचलेले नाही, तिकडून ती न्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे. देवामागोमाग चालताना ती आळी आपणा सर्वांच्या दृष्टीस तरी पडेल.